मिशिगनचे तेरा मतदारसंघ, मराठी नकाशावर: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

आज श्रीगणेशा. ३० मार्चला पाडव्याचा कार्यक्रम आहे मंडळाचा, हॉलच्या एका भिंतीवर लावायला काहीतरी माहितीचं हवं होतं, आणि मी मीटिंगमध्ये बोलून बसले की अमेरिकेतल्या आपल्या मिशिगन राज्यातल्या काँग्रेसच्या निवडणुकांचा मराठीत नकाशा मी करते, २०२०, २०२२ आणि २०२४ चे निकाल शेजारी शेजारी. दोन वीकेंडचं काम आहे असंही सांगितलं. कुणी दुसऱ्या राज्याचा असा नकाशा करायला घेतला तर माझ्यासारखी धडपड नको म्हणून या नोंदी.

सुरुवातीलाच सांगते, इथे काँग्रेस म्हणजे पक्ष नाही, संसद. त्यातलं खालचं सभागृह, ज्याच्या सगळ्या जागांची दर दोन वर्षांनी निवडणूक होते. आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नाही, मतदारसंघ. जिल्हा म्हणजे काउंटी, त्या मिशिगनमध्ये ८३. मी स्वतः हे माहीत असून पुढे तीनदा गोंधळ घातला.

निकाल राज्याच्या निवडणूक खात्याच्या साइटवरून घेतले, सीमा सेन्सस ब्युरोच्या (म्हणजे जनगणना खात्याच्या) शेपफाइलमधून, म्हणजे सीमारेषांच्या फाइलमधून. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं, २०२२ चे निकाल जोडले, रंग भरले. अर्ध्या तासात नकाशा तयार, मी खूश. फक्त डेट्रॉइटच्या आसपास एक वेडावाकडा तुकडा पांढराच राहिला, चौदावा मतदारसंघ. निकालाच्या फाइलमध्ये चौदाव्याची ओळच नाही. दीड तास मी चौदाव्याचा निकाल शोधत होते.

१२ जानेवारी, रविवार

चौदावा नाहीच आहे. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा गेली, १४ च्या १३ झाल्या. लोकसंख्या घटली नाही, उलट थोडी वाढली, १,००,७७,३३१ झाली, पण बाकीच्या राज्यांची जास्त वाढली म्हणून यांची एक कमी. आता जागेमागे साधारण ७,७५,१७९ माणसं. (महाराष्ट्रात ४८ जागा आणि २०११ ची जनगणना धरली तर जागेमागे २३ लाखांच्या वर. हे मंडळात सांगितलं तर अर्धा तास चर्चा त्यावरच होईल म्हणून पोस्टरवर टाकणार नाहीये.)

चूक अशी की शेपफाइलच्या नावात निवडणुकीचं वर्ष नसतं, काँग्रेसचा क्रमांक असतो. ११६ लिहिलेली फाइल म्हणजे जुना चौदा जागांचा नकाशा. २०२२ मध्ये निवडून आलेली ती ११८ वी काँग्रेस, नवा तेरा जागांचा नकाशा तिथून सुरू. मी ११६ उतरवली होती. २०२० साठी ती चालते, कारण ११७ व्या काँग्रेसच्या वेळी सीमा त्याच होत्या. म्हणजे आता दोन नकाशे ठेवायचे, एक जुना, एक नवा.

तो पांढरा राहिलेला जुना चौदावा बघण्यासारखा आहे मात्र. डेट्रॉइटच्या पूर्व भागातून निघून साउथफील्ड, फार्मिंग्टन हिल्स करत वर पाँटियाकपर्यंत. चिंचोळ्या बोळातून सायकल काढावी तसा वळत वळत जातो. असले आकार बघूनच लोक वैतागले आणि २०१८ मध्ये मतदान घेऊन सीमा आखायचं काम आमदारांकडून काढून घेतलं. आता तेरा सामान्य नागरिकांची समिती आखते, ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. त्यांनी आपल्या नकाशांना झाडांची नावं दिली होती, काँग्रेसचा जो मंजूर झाला त्याचं नाव चेस्टनट. २८ डिसेंबर २०२१ ला मंजूर झाला.

१८ जानेवारी, शनिवार

आजचा पूर्ण दिवस पाण्यात. सकाळी मला वाटलं होतं की मोठा शोध लागलाय.

२०२० आणि २०२२ चे निकाल एका शीटमध्ये आणले, मतदारसंघाच्या नंबरावरून जोडले, शेजारी एक कॉलम केला, "पक्ष बदलला का". उत्तर आलं पाच ठिकाणी बदलला: ३, ५, ६, ७, ९. तेरापैकी पाच! मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, पाचव्यातले किल्डी हरले का मग, मी म्हटलं हो हरलेलेच दिसतायत. मग शंका आली म्हणून नावं बघितली. किल्डी जिंकलेत की, आठव्यातून.

तर झालंय असं. समितीने नुसत्या सीमा नाही बदलल्या, नंबरही नव्याने टाकले. ७ मधले वॉलबर्ग गेले ५ मध्ये, ५ मधले किल्डी गेले ८ मध्ये, ८ मधल्या स्लॉटकिन आल्या ७ मध्ये, म्हणजे संगीत खुर्ची. त्याहून भारी म्हणजे हायझिंगा २ वरून ४ वर आणि मोलेनार ४ वरून २ वर, दोघेही रिपब्लिकन, दोघेही जिंकलेले, त्यामुळे माझ्या शीटमध्ये तिथे "बदल नाही" असं आलं आणि ते दिसायला एकदम बरोबर होतं. चुकीचं उत्तर चुकीचं दिसलं तर सापडतं तरी. हे सापडलंच नसतं.

डिंगल १२ वरून ६, तलीब १३ वरून १२, मॅकलेन १० वरून ९. नंबर न बदललेले तिघंच, १ मधले बर्गमन, ३ मधले मायर आणि ११ मधल्या स्टीव्हन्स. आणि त्यातले मायर प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानातच, पडले.

आपल्याकडे मतदारसंघाला गावाचं नाव असतं ते किती बरं आहे हे आज कळलं. २००८ च्या पुनर्रचनेत खेडचा शिरूर झाला, इचलकरंजीचा हातकणंगले झाला, कराड गेलाच, पण निदान नाव वाचून माणूस सावध होतो. इथे ७ चा ७ च राहतो आणि आत माती सगळी दुसरी.

गेलेला वेळ: सहा तास, अधिक नवऱ्यासमोरची इज्जत.

१९ जानेवारी, रविवार

नंबरावरून जोडणं बंद. हाताने तक्ता केला, एका बाजूला माणूस, मग २०२० चा नंबर, मग २०२२ चा नंबर. चौदा ओळी, वीस मिनिटं. शाळेत भूगोलाच्या जोड्या लावा सारखं. पण याने शीट एकदम बोलायला लागली.

२०२० मध्ये दोन्ही पक्षांचे ७-७ होते. जुने चौदा खासदार, नव्या जागा तेरा, आणि २०२२ मध्ये त्यातले दहाच परत आले. जे चार गेले: अप्टन आणि ब्रेंडा लॉरेन्स उभेच राहिले नाहीत. अँडी लेव्हिन आणि हेली स्टीव्हन्स हे दोघे डेमोक्रॅट ११ मध्ये एकमेकांसमोर आले, लेव्हिन पडले. रिपब्लिकन मायर यांनी जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं होतं (अप्टननीही), त्यांना प्रायमरीत जॉन गिब्ज यांनी थोडक्यात पाडलं. या गिब्ज यांना पुढे करायला डेमोक्रॅटिक पक्षाच्याच समितीने चार लाख डॉलरच्या वर जाहिरातींवर खर्च केले होते, का तर नोव्हेंबरमध्ये समोर मायरपेक्षा गिब्ज सोपे. आणि तसंच झालं, डेमोक्रॅट हिलरी स्कोल्टन जिंकल्या. ग्रँड रॅपिड्सची जागा ही, जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी वर्षानुवर्षं इथलेच खासदार. म्हणजे बसलेल्या खासदाराच्या पक्षाकडून जागा खरोखर गेली अशी एकच, तिसरी. माझ्या "पाच" पैकी चार निव्वळ नंबरांचा खेळ.

२०२२ ते २०२४ ला नंबर आणि सीमा त्याच, तिथे नंबरावरून जोडलं तरी चालतं. तिथे एकच बदल, सातवा. स्लॉटकिन सिनेटला, म्हणजे वरच्या सभागृहात, गेल्या, ती जागा टॉम बॅरेट यांनी रिपब्लिकनांकडे आणली. डेमोक्रॅट-रिपब्लिकन ७-६ चं ६-७ झालं.

१ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या वीकेंडला लेकीला ताप, काही झालं नाही.

आज जिल्ह्यांच्या रेषा नकाशात घालायच्या होत्या, म्हणजे लोकांना आपलं घर सापडेल. दोन घोटाळे झाले.

पहिला एक्सेलच्या व्हीलुकअप या सूत्राचा. जिल्ह्यावरून मतदारसंघ काढायला सूत्र लावलं, त्याने पहिला सापडला तो उचलला आणि गप्प बसलं. आपली बहुतेक मंडळी राहतात ओकलंड जिल्ह्यात, आणि त्या एका जिल्ह्याचे निदान पाच तुकडे आहेत: नोवाय ६ मध्ये, ट्रॉय ११ मध्ये, रोचेस्टर हिल्स १० मध्ये, साउथफील्ड १२ मध्ये, वरचा ग्रामीण पट्टा ९ मध्ये. सूत्राने सगळ्यांना सहाव्यात घातलं. म्हणजे मी स्वतः, ट्रॉयमध्ये राहून, डिंगलबाईंची मतदार झाले. जिल्ह्याच्या पातळीवर मतदारसंघ काढायचाच नाही, ही माझी पहिली पक्की सूचना. गावाच्या पातळीवर काढा, आणि गावही तुटलंय का बघा, डेट्रॉइट शहरच १२ आणि १३ मध्ये वाटलेलं आहे.

याच शीटमध्ये एक्सेलने जिल्ह्यांच्या कोडमागची शून्यंही खाल्ली. ००१ चा १ झाला, मग जुळणी होईना. कोडचा कॉलम आधी टेक्स्ट करून मग फाइल आत घ्या. इथले कोड सगळे विषम आहेत, ००१ पासून १६५ पर्यंत, त्यामुळे सम आकडा दिसला की समजा काहीतरी सरकलंय. फुकटची तपासणी.

दुसरा घोटाळा पाण्याचा. जिल्ह्यांची फाइल उघडली तर वर एक प्रचंड मोठा जिल्हा, कीविनॉ. मला वाटलं वा, केवढा मोठा. पण हा तर राज्यात सगळ्यात कमी वस्तीचा. मग कळलं की त्याचं नव्वद टक्के क्षेत्र लेक सुपीरियरचं पाणी आहे, सरकारी हद्द तळ्याच्या मधोमध जाते. असा नकाशा लावला तर मिशिगनचा तो ओळखीचा हातमोज्यासारखा आकारच गायब होतो, आणि इथल्या पोरांना कुठे राहतोस विचारलं की पंजा वर करून बोट दाखवतात, त्यांना तर काही कळलंच नसतं. सेन्सस ब्युरोकडेच किनाऱ्याला कापलेली दुसरी फाइल मिळते, कार्टोग्राफिक बाउंडरी म्हणून, ती घ्या. मी आधी घरीच पाणी कापायचा उद्योग केला, दोन तास, आणि मॅकिनॉ बेटच उडवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांशी व्हिडिओ कॉल, बेळगावला. त्यांना स्क्रीन शेअर करून दाखवलं. पहिला प्रश्न, "अगं हे एवढं लाल कसं, तिकडे कम्युनिस्ट आले की काय?" खरंच की. इथे लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा डेमोक्रॅट, आपल्या डोक्यात लाल म्हणजे विळा-हातोडा आणि निळा म्हणजे आणखी वेगळंच. रंगसूची कोपऱ्यात बारीक टाकली होती ती मोठी करून वर घ्यायची.

दुसरा प्रश्न, "टोटल जुळली का?"

बाबा शाळेत मास्तर होते, प्रत्येक निवडणुकीला ड्युटी लागायची, रात्री एक-दीडला घरी यायचे आणि आईला सांगायचे सतरा-सी जुळला तेव्हा सोडलं. फॉर्म १७सी, किती मतं पडली त्याचा हिशोब. एक जरी इकडेतिकडे तर पेटी हलत नाही. मी म्हटलं बाबा इथे टोटल कशाशी जुळवणार, तर म्हणाले, "किती लोक आले आणि किती मतं पडली, अजून कशाशी?"

जुळवून बघितलं. नाही जुळली. सगळ्या तेरा मतदारसंघांत, दोन्ही वर्षी, काँग्रेसची मतं एकूण मतपत्रिकांपेक्षा कमी. मला घाम फुटला, वाटलं परत कुठली तरी ओळ गळली. तासभर शोधल्यावर लक्षात आलं की काही गळलेलं नाही. इथली मतपत्रिका म्हणजे लग्नाच्या जेवणाचं ताट, अध्यक्ष किंवा गव्हर्नर, सिनेट, काँग्रेस, मग राज्याची दोन सभागृहं, शाळा बोर्ड, न्यायाधीश, प्रस्ताव, दोन्ही बाजूंनी भरलेला कागद. लोक वरचं खातात, खालचं टाकतात. नोटा नाही, नुसतं रिकामं सोडायचं. आपल्या मशीनवर एक बटण दाबलं की एक मत, त्यामुळे बाबांना हे पटेना. "मग त्याची नोंद कोण ठेवतो?" काही ठिकाणी ठेवतात, वेगळ्या ओळीत. आणि त्या ओळी उमेदवार समजून बेरजेत घेतल्या की टक्केवारी चुकते, हेही माझं करून झालं.

पोस्टरवरची टक्केवारी म्हणजे उमेदवारांना पडलेल्या मतांतली, हे तळाला लिहायचं ठरलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

हाव सुटली, २०१८ पण घेऊ म्हटलं. दोन तासांत नाद सोडला, पण का सोडला ते लिहून ठेवते कारण मजेशीर आहे.

२०१८ च्या फाइलमध्ये तेराव्याच्या ओळी दुप्पट येत होत्या. मी डुप्लिकेट समजून अर्ध्या उडवल्या. मग बघते तर प्रायमरीची विजेती ब्रेंडा जोन्स, आणि सगळीकडे तर रशिदा तलीब म्हणतात. खरी भानगड अशी की जॉन कॉनयर्स यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला, त्यामुळे ऑगस्ट २०१८ मध्ये एकाच दिवशी, त्याच मतदारसंघात, दोन प्रायमऱ्या झाल्या. एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी पोटनिवडणूक, एक पुढच्या पूर्ण मुदतीसाठी. त्याच लोकांनी त्याच दिवशी पहिलीत जोन्सना निवडलं आणि दुसरीत तलीबना, कारण दोन्हीकडे उमेदवारांची संख्या वेगळी होती आणि मतं वेगळी फुटली. जोन्स नोव्हेंबरच्या शेवटी खासदार झाल्या आणि ३ जानेवारीला माजी.

डुप्लिकेट उडवण्याआधी पूर्ण ओळ वाचा, एवढंच. २०१८ रद्द.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नकाशा पायथनमध्ये प्रोग्राम लिहून काढत होते कारण तेरा छोटे तक्ते त्यातल्या मॅटप्लॉटलिब या आकृत्या काढायच्या साधनात पटापट होतात. मराठी नावं घातली आणि मिशिगनचं म ि श ि गन झालं. वेलांटी अक्षराच्या मागून येते, जोडाक्षरं सुटतात, डेट्रॉइटमधला ट पाय मोडून पडलेला. आधी वाटलं फॉन्ट वाईट, चार फॉन्ट बदलले. फॉन्टचा दोष नाही, मी वापरलेल्या मॅटप्लॉटलिबला देवनागरी जुळवताच येत नव्हतं, ते एकेक अक्षर सुटं ठेवत जायचं. आकडे ठीक येतात, "१३" छान दिसतं, म्हणून सुरुवातीला मला कळलंच नव्हतं.

उपाय: आकृत्या बिनअक्षराच्या काढल्या आणि सगळं लेबलिंग क्यूजीआयएसमध्ये, तिथे जोडाक्षरं नीट बसतात. फॉन्ट मुक्ता. पाच तास.

१६ फेब्रुवारी, रविवार

नावांचे उच्चार. मी आपली अक्षरं बघून ह्युझेंगा, मैजर, शोल्टेन लिहून ठेवलं होतं. शेजारच्या आजी पश्चिम मिशिगनच्या, त्या बाजूला डच वस्ती जुनी, हॉलंड आणि झीलंड नावाची गावंच आहेत, त्यांना चहाला बोलावलं आणि एकेक नाव वाचून घेतलं. हायझिंगा, मायर, स्कोल्टन. त्या म्हणत होत्या, मी देवनागरीत लिहीत होते. मॅकिनॅक नाही, मॅकिनॉ. नोवी नाही, नोवाय, हे मला पंधरा वर्षं राहून माहीत होतं तरी शीटमध्ये नोवीच टाईप केलेलं. आजींना माझं आडनाव शेवटपर्यंत जमलं नाही, पण बाकरवडी आवडली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डेट्रॉइटचा केंद्रनिहाय नकाशा करायचा होता, कोणत्या गल्लीत कोण पुढे असा. दोन आठवड्यांच्या संध्याकाळी घालवल्या यावर, आणि आज टाकून दिला.

कारण पोस्टाने आलेली मतं. इथे आता खूप लोक घरूनच मतपत्रिका पाठवतात आणि मोठ्या शहरांत ती मतं वेगळ्या मोजणी मंडळांत मोजली जातात, निकालाच्या फाइलमध्ये त्यांच्या ओळी वेगळ्या. म्हणजे एखाद्या केंद्रासमोर दिसतात ती फक्त त्या दिवशी तिथे जाऊन दिलेली मतं. माझ्या नकाशात अख्ख्या मोहल्ल्यात चाळीस-पन्नास मतं आणि तीही एका तऱ्हेच्या मतदारांची. दिसायला सुंदर होता, म्हणून जास्त वाईट वाटलं. ही मतं परत केंद्रांवर वाटायच्या पद्धती आहेत पण त्यात अंदाज घ्यावा लागतो, आणि भिंतीवर लावायच्या नकाशात मला अंदाज नको होता. मतदारसंघाच्या खाली जायचं नाही असं ठरवलं. अठरा तास गेले यात, सगळ्यात मोठं नुकसान हेच.

१ मार्च, शनिवार

रंग. जिंकला तो रंग भरला की दहावा गडद लाल दिसतो, पहिल्यासारखाच. पहिल्यात बर्गमन, अख्खा वरचा द्वीपकल्प आणि खालचा उत्तरभाग, आरामात जिंकतात. दहाव्यात २०२२ ला जॉन जेम्स १,५९,२०२ आणि कार्ल मार्लिंगा १,५७,६०२. फरक बरोबर १,६००. सव्वातीन लाखांत सोळाशे! तिथे वर्किंग क्लास पार्टी आणि लिबर्टेरियन या दोन छोट्या पक्षांना मिळून याच्या कितीतरी पट मतं पडली. जेम्स त्याआधी २०१८ आणि २०२० अशा दोन सिनेट निवडणुका हरलेले, इथे एवढ्याशाने निसटले. २०२४ ला तेच दोघे परत समोरासमोर, तेव्हा फरक चांगलाच वाढला.

मग छटा केल्या, फरक कमी तर रंग फिका. दहावा इतका फिका झाला की झेरॉक्सवर कागदासारखाच पांढरा. आणि मंडळाच्या अंकात काळा-पांढरा छापायचा असल्यामुळे लाल आणि निळा दोन्ही एकच करडा. शेवटी रिपब्लिकनला तिरप्या रेषा, डेमोक्रॅटला सपाट रंग, आणि फरक आकड्यात लिहिला. कमी देखणा, पण वाचता येतो.

चौथ्यात २०२२ च्या प्रायमरीत डेमोक्रॅटच्या रकान्यात छापील नावच नाही, मी परत गळालं समजून शोधत बसले. खरोखर कुणी नव्हतं मतपत्रिकेवर, जोसेफ अल्फोन्सो यांचं नाव मतदारांनी हाताने लिहून त्यांना नोव्हेंबरमध्ये पोचवलं. रिकामा रकाना दरवेळी चूक नसते. निम्म्या वेळा असते.

८ मार्च, शनिवार

पहिलं प्रूफ, २४ बाय ३६ इंच, ३१ डॉलर. वाया.

छपाईवाल्याकडे फॉन्ट नव्हता, सगळ्या नावांच्या जागी चौकोन. त्याची चूक नाही, मी पीडीएफमध्ये फॉन्ट घातला नव्हता. बेळगावला लग्नपत्रिकेचं काम करणारा डीटीपीवाला पहिलं वाक्य हेच बोलायचा, "कर्व्ह करून आणलंय ना?" अक्षरांच्या आकृत्या करून टाकायच्या, मग फॉन्ट लागतच नाही. वीस वर्षांपूर्वीचं ऐकलेलं, इथे ३१ डॉलर देऊन आठवलं.

बरं झालं एका अर्थी, कारण तपासताना दुसरी चूक दिसली. मजकूर साफ करताना मी सगळ्या नावांमागचे श्री, श्रीमती काढायला एक कमांड चालवली होती, एकसारखं दिसावं म्हणून. तिने तेराव्या मतदारसंघाच्या खासदारांचं नावच खाल्लं. त्यांचं नावच श्री आहे, श्री ठाणेदार! नकाशावर नुसतं "ठाणेदार", जणू पोलीस चौकी. दुरुस्त करून मंडळाच्या काकूंकडे तपासायला पाठवलं तर त्यांनी आदराने आणखी एक घातलं, "श्री. श्री ठाणेदार". काकूंना फोन करून समजावलं, त्या म्हणाल्या अगं मग बरोबरच आहे की, श्रीचे श्री. शेवटी इतर कुणालाच नाही तर त्यांनाही नाही, असं ठरलं.

बाबांना या तेराव्यातच रस. ठाणेदार चिकोडीला जन्मले, बेळगावात वाढले, १९७९ मध्ये इकडे आले, रसायनशास्त्रात पीएचडी, मग धंदा. २०१८ मध्ये गव्हर्नरच्या प्रायमरीत तिसरे आले, २०२० मध्ये राज्याच्या सभागृहात, २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये. बाबांनी विचारलं, "किती टक्के पडली?" प्रायमरीत २८. "अठ्ठावीसमध्ये निवडून?" नऊ जण होते मतपत्रिकेवर, दुसऱ्या क्रमांकाच्या हॉलियर यांना साधारण २३. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, ज्याला जास्त तो पुढे. आणि नोव्हेंबरमध्ये ७१ टक्के, कारण डेट्रॉइटमध्ये डेमोक्रॅटची प्रायमरी जिंकली की झालंच. पोस्टरवर मी आधी फक्त नोव्हेंबरचे आकडे घेतले होते, ते बघून वाटतं इथे चुरसच नव्हती. खरी चुरस ऑगस्टमध्ये झालेली, आणि १९५५ पासून पहिल्यांदा डेट्रॉइटला एकही कृष्णवर्णीय खासदार नाही म्हणून त्या निकालावर तिथे बरीच नाराजीही होती. म्हणून १३ आणि ११ या दोन ठिकाणी प्रायमरीचे आकडेही टाकले. जागा करायला रंगसूचीखालचं माझं सुंदर होकायंत्र गेलं.

१५ मार्च, शनिवार

दुसरी छपाई, परत ३१ डॉलर, फोमबोर्ड १४. एकूण ७६. तास मोजले, चौसष्ट. दोन वीकेंड म्हटलं होतं.

लटकवल्यावर दिसलं की जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवले तर लोक आपोआप ७ वरून ७ कडे बोट नेणार, मी नेलं तसंच. म्हणून घरच्या प्रिंटरवर माणसांचा तो चौदा ओळींचा तक्ता छापून मधे चिकटवला आणि लोकरीचे धागे ओढले, वॉलबर्ग ७ ते ५, किल्डी ५ ते ८, अशा. हायझिंगा आणि मोलेनार यांच्या धाग्यांची फुली झाली. लेकीने लाल-निळी लोकर निवडली, टाचण्या तिनेच टोचल्या.

३० मार्च, रविवार, पाडवा

लागलं एकदाचं. श्रीखंडाच्या रांगेच्या बरोबर शेजारी, त्यामुळे सगळ्यांनी वाचलं. टिकल्यांचं एक पाकीट ठेवलं होतं, आपापल्या गावावर टिकली लावा म्हणून. ट्रॉय आणि नोवायमध्ये दाटी, कँटनला बऱ्याच, डेट्रॉइटमध्ये दोनच. नोवायचे एक काका ठामपणे ११ मध्ये लावत होते, म्हणाले पूर्वी आम्ही तिथेच होतो, आणि खरंच होते, जुन्या नकाशात. सहाव्यात लावा म्हटलं तर म्हणाले मग डिंगलबाई माझ्या कधी झाल्या, मी धागा दाखवला. त्यांनी दोन्हीकडे लावली.

एक चूक निघाली. स्टीव्हन्स यांच्या नावात व चा ब झालाय, एका आठवीतल्या मुलीने दाखवला, तीही फक्त अक्षर ओळखायला शिकतेय. पेनने दुरुस्त केला.

बाबांना फोटो पाठवला. उत्तर: "टोटल तळाला लिहिली नाहीस." लिहिलीये, पण टेबलावरच्या कैरीच्या पन्ह्याच्या जगमागे गेलीये.